विसर्गाच्या जागी कोलन: मुंबईतल्या ग्रंथालयांच्या कार्यकारी मंडळांना खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष, कार्यवाह आणि कार्यकारी मंडळांचे सर्व सभासद,
मुंबई शहर व उपनगरांतील सार्वजनिक ग्रंथालये

स.न.वि.वि.

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत एका शाळकरी मुलीचा निबंध दोन भागांत छापून आला. मुलीचे नाव मुक्ता साळवे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली विद्यार्थिनी. निबंधाचा विषय मांग-महारांचे दुःख. आज दहावीतली एखादी मुलगी हा निबंध असलेले पुस्तक शोधायला ग्रंथालयाच्या संगणकापाशी बसते, ‘दुःख’ हा शब्द टाइप करते आणि पडद्यावर येते, ‘नोंद आढळली नाही’. पुस्तक कपाटात असते, नोंदही झालेली असते. नोंद करणाऱ्याने विसर्गाच्या जागी कळफलकावरचा कोलन दाबलेला असतो, एवढेच. ‘दुःख’ आणि ‘दु:ख’ डोळ्यांना सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत.

आम्ही ग्रंथालयांत देवघेव, तालिकीकरण (ग्रंथांच्या नोंदी करणे) आणि संगणकाची कामे करणारी माणसे आहोत. संगणकीकरणाचा पुढचा टप्पा म्हणून मंडळांपुढे येणाऱ्या प्रस्तावांत पुस्तकातली चिठ्ठी रेडिओलहरींनी ओळखणारे दारावरचे आरएफआयडी गेट, मोबाइल ॲप आणि चेहरा ओळखणारी हजेरी अशा वस्तू असतात. त्यांची कोटेशने मागवण्याआधी चौदा ते अठरा वयाच्या मुलींकडे एकदा पाहावे, अशी विनंती आहे. बालविभागातून त्या बाहेर पडलेल्या असतात आणि मुख्य विभागात त्यांना कुणी ओळखत नाही. १९८९पासून मतदानाचे वय अठरा आहे, म्हणजे यांना अजून मत नाही. तरीही शाळेच्या वाटेवरचे बंद शौचालय, उखडलेला पदपथ, तोडायला काढलेली झाडे यांवर निवेदने लिहिणाऱ्या, सह्या गोळा करणाऱ्या, फलक रंगवणाऱ्या याच असतात. २०१९च्या ऑक्टोबरात आरेतल्या झाडांवर रात्री करवत चालली तेव्हा हे साऱ्या शहराने पाहिले. घरातला फोन चौघांत एक, खोली दहा बाय बाराची. कागदपत्र शांतपणे वाचायला दार उघडे असलेली जागा म्हणजे आपली अभ्यासिका.

‘ग्रंथालयात राजकारण नको’ हे वाक्य बैठकीत येणार, ते आधीच धरून चालतो. पक्षाचा झेंडा, बैठक, प्रचार वाचनालयात नको, हे आम्हालाही मान्य आहे. पण झाडे तोडण्याची परवानगी कोणत्या कायद्याने मिळते, हे विचारणाऱ्या मुलीला महाराष्ट्राचा १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा काढून देणे ही संदर्भसेवा आहे. सेवानिवृत्त सभासदाला पेन्शनचा शासन निर्णय शोधून देतो तेव्हा आपण तेच करतो. तिथे कुणाला राजकारण दिसत नाही.

आता शोधाकडे येऊ, कारण सगळ्यात जास्त काम तिथेच अडते.

जुन्या नोंदी बहुतेक ठिकाणी श्री-लिपी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व (प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक देणाऱ्या युनिकोड पद्धतीआधीच्या) फाँटमध्ये केलेल्या आहेत. त्या फाँटमधले ‘क’ हे संगणकाच्या पोटात एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. फाँट काढला की उरतो तो नुसता चिन्हांचा उकिरडा. रूपांतर करणाऱ्या प्रणाली आहेत, पण त्या ठरावीक जागी घसरतात. या फाँटमध्ये ऱ्हस्व इकार व्यंजनाच्या आधी साठवलेला असतो आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. म्हणून ‘किशोरी’चा ‘िकशोरी’ होतो आणि ‘मोर्चा’चा रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. पुरवठादार नमुना म्हणून वीस सोप्या नोंदी दाखवतो. त्यावर समाधान मानू नका. दाखल नोंदवहीतून २०० नोंदी आपण निवडाव्यात, त्यांत जोडाक्षरे, रफार, विसर्ग, ‘ॲ’ आणि ‘ऱ्य’ मुद्दाम असावेत, आणि त्या २०० बरोबर आल्याशिवाय पुढचे पैसे देऊ नयेत.

युनिकोडमध्ये आल्यावरही सुटका नाही. ‘ॲसिड’मधला ॲ दोन तऱ्हांनी लिहिला जातो: २००८मध्ये युनिकोडमध्ये आलेले स्वतंत्र अक्षर, किंवा अ आणि त्यावर वेगळा चंद्र. ‘शेतकऱ्यांचा’मधला अर्धा र कुणी ‘ऱ’ हे अक्षर वापरून काढतो, तर कुणी साधा र, हलन्त आणि एक न दिसणारे जोडचिन्ह वापरून. फोनचा कळफलक एक रूप देतो, कार्यालयातला संगणक दुसरे. मुलगी फोनवरून शोधते, नोंद आपल्या लिपिकाने संगणकावर केलेली असते, आणि गाठ पडत नाही. नेहमीच्या युनिकोड प्रमाणीकरणाने हे दोन ‘ॲ’ एक होत नाहीत. नियम हाताने लिहावा लागतो.

कोहा हे ग्रंथालयाचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी नेमके सांगतो. झेब्रा ही शोधयंत्रणा ‘सीएचआर’ पद्धतीवर ठेवली तर ती रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून चालते. देवनागरीसाठी युनिकोडवर आधारलेली ‘आयसीयू’ पद्धत निवडावी लागते, शक्यतो उभारणीच्या वेळीच. आयसीयूच्या नियमांच्या फाइलमध्ये चार ओळी घालाव्यात: कोलन दोन अक्षरांच्या मधोमध आला तर विसर्ग समजणे, अ अधिक चंद्र म्हणजे ॲ, अदृश्य जोडचिन्हे गाळणे, देवनागरी आणि इंग्रजी अंक एकच मानणे. यांतल्या तिसऱ्या ओळीत एक खाच आहे. अर्ध्या र-चे दुसरे रूप त्या अदृश्य चिन्हावरच उभे असते. ते आधी ‘ऱ’मध्ये बदलून घ्यायचे आणि मग चिन्हे गाळायची. क्रम उलटला तर ‘शेतकऱ्यांचा’चा ‘शेतकर्यांचा’ होतो आणि रोग बरा करताना रोगी दगावतो. बदल केल्यावर संपूर्ण अनुक्रमणिका नव्याने बांधावी लागते. हे विसरल्यामुळे ‘नियम घातले, तरी फरक नाही’ अशी तक्रार वारंवार येते. दुसरे सॉफ्टवेअर असेल तर हेच चार प्रश्न पुरवठादाराला लेखी विचारावेत. उत्तर ‘आमची प्रणाली मराठीला सपोर्ट करते’ एवढेच आले, तर ते उत्तर नाही.

शोध सुधारला तरी वर्गीकरण उरतेच. मुलींनी केलेल्या आंदोलनांवरचे, हक्कांवरचे साहित्य ‘मुली’ हा शब्द दिसला म्हणून बालसाहित्यात किंवा गृहविज्ञानाच्या शेजारी गेलेले असते. विषयवार अंक देणाऱ्या ड्यूई पद्धतीत स्त्रियांसाठी ३०५.४, राजकीय कृतिगटांसाठी ३२२.४, नागरी हक्कांसाठी ३२३ असे वर्गांक आहेत. एका पुस्तकाला एकच वर्गांक मिळणार, कारण ते एकाच कपाटात राहणार. विषयशीर्षके मात्र चार देता येतात. संगणकीकरणाचा हा फुकटचा फायदा आपण सोडून देतो.

आता देवघेवीचा निरोप. मुलीच्या सभासद-अर्जावर मोबाइल क्रमांक वडिलांचा किंवा भावाचा असतो. पुस्तक नावावर चढले की प्रणाली आपोआप एसएमएस धाडते आणि त्यात पुस्तकाचे नाव असते. म्हणजे काउंटरवरचा शिक्का वाळायच्या आत ‘तिने काय वाचायला नेले’ ही बातमी घरी पोहोचते. शरीराविषयीचे, जातीविषयीचे, कायद्याचे किंवा चळवळीचे पुस्तक असेल, तर पुढच्या खेपेला ती मुलगी ते पुस्तक नेत नाही. वाचनालयात येणेही बंद होऊ शकते. आणि आपण वार्षिक अहवालात लिहितो, ‘युवा वाचकांचा प्रतिसाद कमी आहे’.

इलाज अर्ध्या तासाचा आहे. कोहामध्ये सूचनांच्या साच्यांत जाऊन देवघेव, परतीची आठवण आणि थकबाकी या तिन्ही साच्यांतून ग्रंथनामाचे चिन्ह काढायचे. ‘आपल्या नावावरील १ पुस्तक २० तारखेस परत करावे. ग्रंथालय’ एवढा मजकूर पुरतो. यात पैसेही वाचतात. देवनागरी एसएमएसची मर्यादा ७० अक्षरांची, आणि काना, मात्रा, हलन्त, रिकामी जागा सगळे सुटे मोजले जाते. वरचा मजकूर ५४ भरतो. ग्रंथनाम घातले की तो दोन एसएमएसचा होतो आणि शुल्कही दोनांचे लागते. एक खबरदारी: एसएमएसचे साचे दूरसंचार नियमांप्रमाणे डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर आधी नोंदवावे लागतात. न नोंदवता मजकूर बदलला तर संदेश वाटेतच अडतात आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून आधी नोंदणी, मग बदल.

एसएमएस हा वरवरचा भाग झाला. खरी नोंद पोटात साठते. पुस्तक परत आले तरी कोणी काय नेले होते, हे कोहा जपून ठेवतो. ते पुसण्याची सोय त्यातच आहे. सभासदाची गोपनीयता ‘कधीच नाही’वर (म्हणजे इतिहास कधीच ठेवू नये) ठेवली की परतीच्या क्षणी इतिहासातून नाव निघते. त्याआधी एक खोटा ‘अनामिक’ सभासद तयार करून त्याचा क्रमांक प्रणालीच्या सेटिंगमध्ये भरावा लागतो. इथे हमखास चूक होते: कार्ड क्रमांक भरला जातो, हवा असतो अंतर्गत सभासद क्रमांक. तो चुकला किंवा रिकामा राहिला की पुस्तक परत घेतानाच अडचणी सुरू होतात, आणि मग कोणीतरी वैतागून सोयच बंद करून टाकतो. आधीचा साठलेला इतिहास आपोआप जात नाही. त्यासाठी सामूहिक अनामिकीकरणाची आज्ञा वेगळी चालवावी लागते. सांख्यिकीच्या तक्त्यात सभासदाचा अंतर्गत क्रमांक तरीही उरतो, त्याची सफाई निराळी. जुने बॅकअप कार्यवाहांच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर असतातच. ते किती महिने ठेवायचे, हे ठरावात लिहा.

‘मग फाटलेले पुस्तक कोणाकडून वसूल करणार?’ हा प्रश्न रास्त आहे. चालू देवघेवीला अनामिकीकरण हात लावत नाही, दंड आणि थकबाकी जागच्या जागी राहतात. शेवटचा परतकर्ता तेवढा लक्षात ठेवण्याची वेगळी सोय आहे, ती चालू ठेवावी. पुढचा वाचक पुस्तक घेऊन परत करेपर्यंत नाव हाताशी असते आणि नंतर ते जाते. वसुलीला तेवढे पुरते.

पालकांविषयी गैरसमज नको. अठरा वर्षांखालील मुलीच्या सभासदत्वाला पालकांची संमती घ्यावी, हे योग्यच. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातही अठराखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती सांगितली आहे. त्याच कायद्याचे नववे कलम मुलांवर पाळत ठेवायला आणि त्यांना उद्देशून जाहिराती दाखवायला मनाई करते. संमती सभासदत्वाची आहे, वाचनयादीची नाही. कोहात पालकाचे खाते मुलाच्या खात्याला जोडले, तर मुलाची चालू पुस्तके पालकाला दिसू देण्याची एक खूण असते. ती काउंटरवरच्या माणसाने परस्पर लावू नये. चेहरा ओळखणाऱ्या हजेरीबद्दल आमचे मत सरळ आहे: वाचनालयाला तिची गरज नाही, अल्पवयीनांसाठी तर नाहीच. गेटपाशी वही ठेवा.

संगणक कक्षात गोंधळ वेगळा. मुलीला निवेदनाची प्रिंट काढायची असते. आपला माणूस सांगतो, ‘काउंटरच्या नंबरवर व्हॉट्सॲप कर.’ ती करते. प्रिंट निघते, आणि मुलीचा नंबर, तिचा फोटो, शंभर सह्यांचे निवेदन, त्यावरचे पत्ते, सगळे काउंटरवरच्या फोनमध्ये कायमचे राहते. तो फोन संध्याकाळी कोणाच्या खिशातून घरी जातो, हे विचारून पाहा. त्यापेक्षा पेनड्राइव्ह बरा. त्यासाठी एका संगणकावर विषाणूतपासणी चालू ठेवावी आणि पेनड्राइव्हमधले काहीही आपोआप सुरू होणार नाही, अशी मांडणी करावी. संगणकावर वाचकांसाठी मर्यादित हक्कांचे वेगळे खाते असावे, ब्राउझर बंद होताच इतिहास, कुकी आणि उतरवलेल्या फायली पुसल्या जाव्यात. व्हॉट्सॲप वेब उघडे टाकून जाणे ही रोजची गोष्ट आहे. पडद्याच्या कडेला मोठ्या अक्षरांत चिठ्ठी लावा आणि संगणक दर तासाला आपोआप नव्याने सुरू होऊ द्या. मोठ्या प्रिंटरच्या स्मृतीत छापलेल्या कामांची यादी, कधी कधी फाइलही राहते. ती रोज रात्री पुसण्याची सेटिंग शोधावी. सीसीटीव्ही दारावर असू द्या, पण त्याचा डोळा संगणकाच्या पडद्यावर नको.

जाता जाता: स्वच्छतागृहाची किल्ली शिपाईमामांच्या टेबलावर मागावी लागणे बंद करा. आतून लागणारी कडी, दिवा आणि झाकणाची कचरापेटी. आरएफआयडीच्या एका गेटच्या खर्चात हे किती वेळा होईल, त्याचा हिशेब मंडळाने करावा.

माहिती अधिकाराचा कोपरा मात्र प्रत्येक ग्रंथालयात असावा, असे आमचे ठाम म्हणणे आहे. २००५च्या कायद्याने हा अधिकार ‘सर्व नागरिकां’ना दिला आहे, वयाची अट घातलेली नाही. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला तरी चालतो. कारण सांगावे लागत नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. उत्तर न आल्यास किंवा अर्धवट आल्यास पुढच्या ३० दिवसांत २० रुपयांच्या स्टॅम्पसह पहिले अपील. कागद चुकीच्या कार्यालयात गेला, तर पाच दिवसांत योग्य जागी पाठवणे ही त्या कार्यालयाची जबाबदारी आहे.

मुलींचे अर्ज फुकट जातात ते प्रश्नाच्या घडणीमुळे. ‘आमच्या शाळेजवळचे शौचालय बंद का असते?’ याला उत्तर येते, ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही’. मागायचा तो कागद: अमुक रस्त्यावरील शौचालयाच्या देखभालीच्या कराराची प्रत, १ एप्रिल २०२४ ते ३१ मार्च २०२५ या काळातील तक्रार नोंदवहीची प्रत, कंत्राटदाराला दिलेल्या बिलांची प्रत. प्रतीच्या पानामागे दोन रुपये. आणि अर्ज कुठे द्यायचा? महापालिकेचे निवडणुकीचे प्रभाग २२७, त्यांना क्रमांक असतात. जी उत्तर, एफ दक्षिण अशी नावे असतात ती प्रशासकीय विभागांना, आणि माहिती अधिकारी बसतो विभाग कार्यालयात. ही गल्लत मोठ्यांचीही होते. म्हणून आपल्या परिसराचा नकाशा, विभाग कार्यालयाचा पत्ता, कोऱ्या अर्जाचा नमुना आणि २०३४च्या विकास आराखड्यातले आपल्या भागाचे छापील पान भिंतीवर लावावे. ऑनलाइन अर्जासाठी ओटीपीचा फोन हाताशी लागतो. ज्या मुलीकडे तो नाही, तिला कागदी अर्ज सोपा. अर्जावर घरचा पत्ता पडतो आणि उत्तर तिथेच येते, हे मात्र तिला आधी सांगायचे. घरी अडचण असेल तर अर्ज शाळेतल्या बाईंच्या किंवा एखाद्या सज्ञान नागरिकाच्या नावाने जाऊ द्यावा. प्रश्न तोच राहतो.

शेवटचा विषय जपणुकीचा. मुक्ताचा निबंध आपल्यापर्यंत आला, कारण तो छापला गेला आणि अंक कुणीतरी सांभाळले. आजच्या मुलींचे लिखाण चोवीस तासांत नाहीशा होणाऱ्या इन्स्टाग्राम स्टोरीत असते, नाहीतर चार्टपेपरवर. चार्टपेपर मुंबईच्या दोन पावसाळ्यांत पिवळा पडून बुरशी धरतो, स्केचपेनची शाई फिकटते, सेलोटेप सुटून डिंकाचा तपकिरी डाग सोडते. फलक आला की सेलोटेप हलक्या हाताने काढावी. निघत नसेल तर ओढू नये. दिवसाच्या उजेडात सपाट ठेवून फोटो घ्यावा, मग आम्लरहित कागदात ठेवून गुंडाळी न करता आडवा ठेवावा. तारीख, ठिकाण, कोणी दिला, एवढी नोंद पुरे. नाव लावायचे की नाही, ते मुलीने आणि पालकांनी ठरवावे. ‘दहा वर्षे उघडू नये’ अशी अट घातली तर ती पाळावी.

फोटोंत एक मेख आहे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने आलेला फोटो आकसतो आणि कुठे, कधी काढला ही माहिती त्यातून निघून जाते. संग्रहासाठी तो कमअस्सल. ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवला तर मूळ फाइल येते, पण तिच्यात स्थळाचे अक्षांश-रेखांशही असू शकतात. कधी कधी ते मुलीच्या घराचे असतात. मूळ फाइल कुलपात ठेवायची आणि लोकांना दाखवायची प्रत ती माहिती काढून, चेहरे झाकून वेगळी करायची.

जुन्या वृत्तपत्रांच्या स्कॅनिंगचे प्रस्ताव येतात, त्यांविषयी थोडेच. ए-२ आकाराचे पान ३०० डीपीआयला करड्या छटांत घेतले तर न आवळता सुमारे ३५ एमबी होते. आठ पानी दैनिकाचे एक वर्ष म्हणजे जवळपास १०० जीबी, आणि प्रती दोन तरी हव्यात. साठवणुकीचा हा खर्च कोटेशनमध्ये नसतो. घट्ट बांधलेल्या खंडात शिवणीजवळच्या ओळी वाकतात आणि मजकूर ओळखणारी प्रणाली तिथे ‘ख’चे ‘रव’ करते. शिवाय १९६२च्या लेखननियमांआधीचे ‘नांव’, ‘कांहीं’, ‘मुलींनीं’ हे आजच्या लेखनाने सापडत नाहीत. जादा अनुस्वार गाळून शोधण्याची सोय मागून घ्या. हक्कांची चिंता असेल तर कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे छापील प्रत असलेल्या साहित्याची जपणुकीसाठी डिजिटल प्रत ठेवायला मुभा आहे. ती सगळ्यांसाठी वेबवर टाकायला नाही.

आरएफआयडी वाईट आहे, असे आम्ही म्हणत नाही. पण पुस्तकात चिकटवायची १३.५६ मेगाहर्ट्झची ती चिठ्ठी लोखंडी कपाटाला चिकटून असली तर नीट वाचली जात नाही, आणि सडपातळ पुस्तके एकावर एक ठेवली की चिठ्ठ्या एकमेकींना झाकतात. आपली कपाटे लोखंडी आहेत आणि मराठी कवितासंग्रह सडपातळ. वीस-पंचवीस हजार ग्रंथांच्या वाचनालयाला बारकोड पुरतो.

येत्या बैठकीत साच्यातून ग्रंथनाम काढणे, वाचन-इतिहास अनामिक करणे आणि २०० नोंदींची चाचणी, हे तीन ठराव घ्यावेत. तिन्हींसाठी नवे यंत्र लागत नाही.

कळावे.
आपले,
मुंबईतील सार्वजनिक ग्रंथालयांत काम करणारे काही ग्रंथपाल आणि तंत्रसाहाय्यक

ता.क. बैठकीआधी कार्यवाहांनी स्वतःच्या फोनवरून आपल्या ग्रंथालयाची तालिका उघडून हे सहा शब्द एकेक करून शोधावेत: दुःख, ॲसिड, शेतकऱ्यांचा, मोर्चा, १८५७, 1857. मग हेच शब्द कार्यालयातल्या संगणकावरून शोधावेत. दोन्हीकडचे आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहावेत, शेवटच्या दोन शब्दांचे आकडे एकमेकांशीही ताडून पाहावेत आणि तो कागद बैठकीच्या टिपणाला जोडावा.